आठशे घोडे वळणावर कुठे जातात?

गेल्या महिन्यात एका रविवारी कोल्हापुरात, राजारामपुरीत बहिणीच्या घरी जेवणं उरकली आणि दोन्ही भाचरं प्लेस्टेशन लावून बसली. गेम ग्रॅन टुरिस्मो ७. थोरल्यानं निवडली डॉज चॅलेंजर डेमन, धाकटीनं पोर्शे ९११ जीटी३ आरएस. जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या लांब ट्रॅकवर आळीपाळीनं एकेक फेरी मारायची, ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकला, अशी पैज ठरली. गाड्यांना हात लावायचा नाही, कंपनीतून आल्या तशाच पळवायच्या.

थोरला खुशीत होता. "मामा, माझी आठशे आठ हॉर्सपॉवर, हिची पाचशे अठरा. हिचं आज काय खरं न्हाई."

धाकटीनं फेरी संपवली तेव्हा साडेसात मिनिटं व्हायची होती. थोरल्याला सव्वाआठच्या वर लागली, त्यात दोनदा कठड्याला घासला. कंट्रोलर सोफ्यावर टाकून म्हणाला, "गेमच खोटा आहे ह्यो."

गेम खोटा नाही. उद्यमनगरात लेथवर माझी पंचवीस वर्षं गेली; धातू, वजन, घर्षण आणि पकड हाच रोजचा व्यवहार. तरी त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं ते अर्धवट होतं, आणि एका बाबतीत चुकीचं. म्हणून आता नीट लिहितो आहे. घरात पोरं असे गेम खेळत असतील तर आईबापांनीही वाचावं, कारण अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातले निम्मे धडे त्या पडद्यावर पळत असतात.

आधी ट्रॅक डोळ्यांसमोर आणू. नॉर्डश्लाइफ म्हणजे न्यूरबर्गरिंगची जुनी, उत्तरेकडची फेरी. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली सुरू झाली. लांबी २०.८ किलोमीटर, म्हणजे कोल्हापुरातून पन्हाळ्याला जायला जेवढं अंतर, साधारण तेवढीच. चढउतार जवळपास ३०० मीटरचा. पन्हाळ्याचा घाट ताणून वीस किलोमीटरचा केला आणि पुन्हा जिथून निघालो तिथंच आणून सोडला, असं समजा. ऑक्टोबर २०२२ मध्ये योर्ग बेर्गमाइस्टर या ड्रायव्हरनं खऱ्या जीटी३ आरएसमधून ही फेरी ६ मिनिटं ४९.३ सेकंदांत मारली. हिशेब केला तर सरासरी वेग ताशी १८३ किलोमीटर पडतो. थांबायचं नाही हे खरं, पण रस्ता घाटाचाच.

आता माझी चूक. मी पटकन म्हणालो, "अरे, पोर्शे हलकी आहे, म्हणून जिंकली." बहुतेक जण हेच सांगतात. पण आकडे मांडून बघा. पोर्शेचं वजन १,४५० किलो आणि ताकद ५१८ हॉर्सपॉवर, म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला २.८ किलो. डेमनचं वजन सुमारे १,९३० किलो, पण घोडे ८०८. एका घोड्याला २.४ किलो. वजन हिशेबात धरूनसुद्धा डेमनच सरस निघते! डेमन ही सरळ पट्टीवरच्या ड्रॅग रेससाठी बनवलेली गाडी. तयार केलेल्या पट्टीवर, शर्यतीचं इंधन घालून तिनं पाव मैलाचं अंतर, म्हणजे साधारण ४०० मीटर, ९.६५ सेकंदांत तोडलं आहे. सुटताना तिची पुढची चाकं जमीन सोडतात. वजन वाचवण्यासाठी कंपनी ती मुळात ड्रायव्हरच्या एकाच सीटसह विकायची, बाकीच्या सीट हव्या असतील तर वेगळ्या सांगाव्या लागायच्या. अशी गाडी कमजोर म्हणता येणार नाही. तिची ताकद वाया गेली ती दुसऱ्याच ठिकाणी.

चार तळहात

गाडी कितीही मोठी असो, तिचा रस्त्याशी संबंध चार ठिकाणीच येतो आणि ही ठिकाणं तुम्हाला वाटतात त्याहून खूप लहान असतात. पोर्शेच्या १,४५० किलोचे चार भाग करा, एका चाकावर साडेतीनशे किलोच्या आसपास येतात. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर ती दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास भार पेलते. साडेतीनशेला सव्वादोननं भागा: १६० चौरस सेंटिमीटरच्या जवळपास. मोठ्या माणसाचा तळहात बोटांसकट ठेवला तर साधारण एवढीच जागा व्यापतो.

इंजिन जे काही ढकलतं, ब्रेक जे काही रोखतो, स्टिअरिंग जे काही वळवतं, ते सगळं या चार तळहातांमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. दुसरा मार्ग नाही. आठशे घोडे असोत की ऐंशी, तळहातांनी पकडलं तेवढंच कामाला येतं. उरलेले घोडे धूर काढतात.

वळणाचं गणित तर आणखी गमतीचं आहे. गाडी वळवायला बाजूनं ओढ लागते आणि ती ओढ गाडीच्या वजनाबरोबर वाढते. पण टायरची पकडही त्यावरच्या भारामुळेच येते, त्यामुळे समीकरणातून वजन दोन्हीकडून कटतं. उरतात दोनच गोष्टी: वळण किती मोठं आणि रबर किती चिकट. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. टायरची पकड भाराच्या ०.९ पट असेल तर ताशी ७६ किलोमीटरनं जाता येतं, १.२ पट असेल तर ८७ नं. या हिशेबात हॉर्सपॉवरचं नावसुद्धा येत नाही. थोरला प्रत्येक वळणात आपले आठशे आठ घोडे घेऊन शिरत होता आणि त्यातला एकही तिथं उपयोगाचा नव्हता.

मग वजन कटत असेल तर जड गाडी वळणावर मागं का पडते? इथं खरी मेख आहे आणि ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

रबराची एक खोड आहे. त्यावर भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. ३०० किलो भाराखाली एका टायरनं ३६० किलोची पकड दिली, तर ६०० किलोखाली ७२० मिळायला हवी. मिळते समजा ६६०. साठ किलो कुठंतरी मुरले. म्हणून १,९३० किलोची गाडी तसल्याच रबरावर १,४५० किलोच्या गाडीएवढी चिकटून राहू शकत नाही. पुढं ऐका. गाडी डावीकडे वळली की अंगातलं वजन उजव्या चाकांवर कलतं, एसटीत वळणावर आपण शेजाऱ्याच्या अंगावर कलतो तसं. दोन्ही बाजूंना ३००-३०० किलो होते तेव्हा पकड ७२० होती. आता एका चाकावर ५०० आणि दुसऱ्यावर १०० आले. त्याच हिशेबानं ५०० किलोवालं चाक देतं ५६७, १०० वालं १२७. बेरीज ६९४. वजन तेवढंच, टायर तेच, तरी पकड घटली. केवळ वजन एका बाजूला गेलं म्हणून!

त्यामुळे वेगवान गाडी बनवणाऱ्याची सगळी धडपड एकच असते, की वजन चारही तळहातांवर शक्य तेवढं सारखं राहावं. गाडीचं वजन जितकं खाली, तितकं ते कमी कलतं. खासबागेच्या मैदानात पैलवान गुडघ्यात वाकून, कंबर खाली घेऊन सरकतो ते कशासाठी? उभा राहिला तर पहिल्याच झटक्यात समोरचा त्याला ओढून तोल घालवेल. पोर्शेच्या ४ लिटरच्या इंजिनाचे सहा सिलिंडर असेच आडवे झोपवलेले आहेत, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. इंजिनाचं वजन बसल्या जागी खाली राहतं.

वजन न वाढवता भार

भार वाढला की पकड वाढते पण वजन वाढलं की वळायला जास्त ओढ लागते, ही कोंडी आहे. तिच्यातून सुटायची एक वाट आहे: भार वाढवायचा, वजन नाही. आणि असा फुकटचा भार हवा देते.

जीटी३ आरएसच्या मागच्या पंखाकडे बघा. त्याची वरची कड गाडीच्या छतापेक्षाही उंच आहे. पोर्शेच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत असं पहिल्यांदाच झालं. विमानाचा पंख उलटा बसवला तर तो उचलायच्या ऐवजी दाबेल, तसंच हे. ताशी २०० किलोमीटरला हवा या गाडीला ४०९ किलोच्या जोरानं खाली दाबते, २८५ ला ८६० किलोनं. आकड्यांतला संबंध लक्षात येतो का? वेग जेमतेम दीडपटीला पोचला नाही तोवर दाब दुपटीच्या पुढे गेला. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. उलट बाजूनं पाहा: शंभरच्या वेगाला तो शंभर किलोच्या आसपास उरतो आणि अरुंद वळणात साठनं जाताना जेमतेम एका किरकोळ माणसाएवढा. म्हणजे हा पंख कळंबा रोडवर शोभेपलीकडे काही करणार नाही. त्याचं काम वेगाच्या लांब वळणांवर आहे.

२०० मीटर त्रिज्येचं एक लांब वळण धरा. १.२ पट पकडीच्या टायरवर, हवेच्या मदतीशिवाय ते ताशी १७५ किलोमीटरला निघतं. ४०० किलोचा दाब मिळाला की तेच वळण १९५ च्या पुढे जाऊन घेता येतं. हिशेब ढोबळ आहे, पण वीस किलोमीटरचा फरक खोटा नाही. नॉर्डश्लाइफवर अशी लांब, वेगाची वळणं एकामागून एक येतात. प्रत्येक ठिकाणी धाकटी थोडं थोडं पुढं सरकत होती आणि वळणातून जास्त वेगानं बाहेर पडल्यामुळे पुढच्या सरळ रस्त्याचा आरंभच तिचा वरच्या वेगाला होत होता. थोरला मात्र दर वेळी खालून सुरुवात करायचा.

या पंखासाठी पोर्शेनं बरंच काही सोडलं आहे. नेहमीच्या तीन रेडिएटरांऐवजी एकच मोठा, कललेला रेडिएटर नाकात बसवला, त्यासाठी पुढची सामान ठेवायची जागा गेली. हवा कापताना पंख आडवा येतो, म्हणून सरळ रस्त्यावर बटण दाबून तो सपाट करायची सोय केली. आणि जोरात ब्रेक मारला की पंख उभा राहून हवेला अडवतो. एका गाडीत एवढा विचार ओतलेला बघितला की माझ्यासारख्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला भरून येतं.

ऊसाचा ट्रॅक्टर आणि मागचं इंजिन

धाकटीला सगळं सोपं गेलं असं नाही. सरावाला तिनं दोनदा गाडी गरगर फिरवली. दोन्ही वेळा कारण एकच होतं आणि ते समजायला कोल्हापूरच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही.

गळीत हंगामात दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागलेला आपण सगळ्यांनी बघितला आहे. मागं ओढ, पुढं तोंड हलकं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली असतात, कधी कधी उचलतातही. अशा वेळी स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. मुरलेला ड्रायव्हर एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टरचं तोंड वळवतो. ज्या चाकावर भार नाही त्या चाकाला पकड नाही, हा धडा तिथं उघड्यावर दिसतो.

कुठल्याही गाडीत हेच होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. रेस दिली की वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी वळायचं नाव घेत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात. नुसती रेस सोडली तरी थोडं वजन पुढं येतंच.

९११ चं इंजिन १९६३ साली ती पहिल्यांदा जगासमोर आली तेव्हापासून मागच्या चाकांच्याही मागं टांगलेलं आहे. एकूण वजनातलं साठ टक्क्यांच्या आसपास मागच्या चाकांवर. याचे फायदे दोन. वळणातून बाहेर पडताना रेस दिली की ढकलणाऱ्या चाकांवर भरपूर भार असतो, ती नुसती फिरत राहत नाहीत. डेमनमध्ये नेमकं उलट: इंजिन पुढं, ढकलणारी चाकं मागं. थोरल्यानं आर-टूचं, म्हणजे रेसचं बटण पुरतं दाबलं की धूर निघायचा आणि शेपूट बाजूला जायचं. दुसरा फायदा ब्रेकचा. ब्रेक दाबल्यावर वजन पुढं येतं, पण मागं मुळातच भरपूर असल्यामुळे चारही चाकांवर भार बराचसा सारखा राहतो आणि चारही चाकं रोखायला मदत करतात.

आणि तोटा? धाकटी वळणात जास्त वेगानं शिरली, घाबरली आणि एकदम रेस सोडली. मागची चाकं हलकी झाली, त्यांची पकड सुटली आणि मागं टांगलेलं जड इंजिन गोफणीतल्या दगडासारखं बाहेर गेलं. घाबरल्यावर रेस सोडणं हा माणसाचा स्वभाव आहे. ९११ मध्ये तोच नडतो. तिला एवढंच सांगितलं: ब्रेक काय मारायचा तो गाडी सरळ असताना मार, वळणात शिरल्यावर रेस थोडी धरून ठेव, सोडायचीच झाली तर हळूहळू सोड. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

हे ऐकून दाजी म्हणाले, "आमच्या वेळी ग्रॅन टुरिस्मोत पोर्शे नव्हतीच की!" त्यांची आठवण बरोबर आहे. गेममध्ये पोर्शे दाखवायचा हक्क २००० च्या सुमारापासून २०१६ च्या अखेरीपर्यंत ईए या गेम कंपनीकडे होता. बाकीच्यांनी वाट काढली ती रूफची. पोर्शेच्या सांगाड्यावर आपल्या गाड्या बांधणारी ही जर्मन कंपनी सरकारदरबारी स्वतंत्र उत्पादक म्हणून नोंदलेली आहे, म्हणून तिच्या नावानं त्या गाड्या गेममध्ये आल्या. दाजींच्या पिढीनं जी पिवळी रूफ चालवली ती हाडानं ९११ च होती. ग्रॅन टुरिस्मोत पोर्शे स्वतःच्या नावानं आली ती २०१७ मध्ये, आणि ही जीटी३ आरएस सातव्या भागात २०२३ साली.

गेमच्या पोटात काय चालतं

थोरल्याचा संशय होता की गेमवाल्यांनीच "ही गाडी वेगवान, ती हळू" असं लिहून ठेवलं असणार. तसं ते नसतं. गेममध्ये गाडीची वेळ कुठंही लिहिलेली नसते. प्रत्येक फेरीत ती नव्यानं मोजली जाते.

गाडीबद्दल गेमला माहीत असतं ते असं: वजन किती आणि कुठं, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं तेव्हा किती जोर देतं, गिअर कसले, स्प्रिंगा किती ताठ, पंख किती दाबतो, टायर कोणता. मग तो क्षणाक्षणाला विचारतो, आत्ता प्रत्येक चाकावर किती भार आहे? चाक किती घसरतंय? तर त्याची पकड किती? चारही उत्तरं मिळवून गाडी केसभर पुढं सरकवतो आणि पुन्हा तेच प्रश्न. फोर्झा मोटरस्पोर्ट या असल्याच दुसऱ्या गेमच्या २००७ सालच्या दुसऱ्या भागापासून हा हिशेब सेकंदाला ३६० वेळा होतो असं तो बनवणाऱ्यांनी जाहीर केलं होतं. ताशी २५० नं पळणारी गाडी एवढ्या वेळात १९ सेंटिमीटर सरकते. एक वीत म्हणा ना. दर वितीला चारही चाकांची झडती!

यातला अवघड भाग म्हणजे टायर. चाक किती घसरलं की किती पकड मिळते, हे सरळ रेषेत जात नाही. खोडरबर कागदावर तिरकं दाबून बघा. आधी ते वाकतं आणि धरून ठेवतं, आणखी ढकललं की एकदम निसटतं. टायरचंही तसंच: थोडं घसरलं की पकड वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि त्यापुढे उतरते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पासेयका यांनी हा चढउतार पकडणारं एक सूत्र मांडलं. त्यामागं निसर्गाचा सरळ नियम नाही, पण प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी ते जादूसारखं जुळतं, म्हणून त्याला जादूचं सूत्र हेच नाव पडलं. कितीतरी सिम्युलेटरांच्या मुळाशी ते किंवा त्याची भावंडं आहेत. चांगला खेळाडू त्या टेकडीच्या माथ्यावर गाडी ठेवतो. थोरला पलीकडच्या उतारावर होता. टायर किंचाळत होते तेव्हा त्याला वाटत होतं की आपण जोरात चाललोय.

आणखी एक गोष्ट त्याला समजायला हवी होती. टायरची पकड एकच असते आणि ती वळायला, थांबायला, पळायला वाटून द्यावी लागते. ऊसाला पाणी पाजताना मोटर एकच असते. दोन सऱ्यांची दारं एकदम मोडली तर दोन्हीकडे धार बारीक होते. टायरचा हिशेब थोडा उदार आहे: निम्मं-निम्मं न होता दोन्हीकडे सत्तर टक्क्यांपर्यंत मिळू शकतं. पण एकीकडे पूर्ण शंभर खर्च केले तर दुसरीकडे शून्य. थोरला पुरता ब्रेक दाबून त्याच वेळी पुरतं वळवत होता. गाडी सरळ कठड्याकडे निघाली यात नवल नाही. जाणते खेळाडू ब्रेकचं दार हळूहळू बंद करतात आणि त्याच मापानं वळणाचं दार उघडत नेतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवरची एल-टू (ब्रेक) आणि आर-टू (रेस) ही बटणं दाबाच्या प्रमाणात काम करतात, विजेच्या बटणासारखी नुसती चालू-बंद नसतात. हे कितीतरी पोरांना माहीतच नसतं.

गेममध्ये प्रत्येक गाडीला एक आकडा असतो. ग्रॅन टुरिस्मोत त्याला पीपी म्हणतात. ताकद, वजन, टायर, हवेचा दाब सगळं मिसळून तो काढतात. कामाचा आहे, पण त्यावर फार विसंबू नये असं माझं मत. एका आकड्यात सरळ पट्टी आणि घाट दोन्ही कसे मावणार? त्याच दुपारी दोघांनी लांब सरळ रस्त्यावर शर्यत लावली. सुटताना डेमनची चाकं जागेवर फिरली, पोर्शे मागच्या वजनाच्या जोरावर पुढं उडाली. पण चाकांनी रस्ता धरल्यावर डेमन अशी आली की धाकटीला तिची शेपटीच दिसली. थोरल्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "मामा, डेमनला काय करू सांगा." त्याचं पहिलं बोट इंजिनाची ताकद वाढवण्याकडे गेलं होतं. मी म्हटलं, त्याला हातच लावू नको. आधी जास्त पकडीचे टायर, मग वजन कमी करणं, मग ब्रेक. पैसे उरले तर बघू. आणि घाटातल्या अरुंद वळणांना ब्रेक पन्नास मीटर आधी मार. गाडीत आठशे आठच घोडे ठेवून त्यानं पुन्हा फेरी मारली. आठ मिनिटांच्या आत आला, कठड्याला न लागता. धाकटीच्या वेळेला अजून पोचला नाही, पण त्या फेरीत टायर फारच कमी ओरडले आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं.

आता दोघांना खरं चाक हातात धरायचं आहे. आपल्याकडे मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय पातळीवरच्या कार्टिंगच्या फेऱ्या कोल्हापुरात झालेल्या आहेत; त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. कार्टला स्प्रिंगा नसतात आणि दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच गतीनं फिरतात, पण वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर तोडायचं असतं. त्यामुळे मागचं आतलं चाक जमिनीवरून किंचित उचललं गेलं तरच कार्ट नीट वळतं आणि ते उचलायचं काम स्टिअरिंग आणि वजनच करतात. हे मी दोघांना अजून सांगितलेलं नाही. आधी पहिलं वळण घेऊ दे.